मुलगा हा बाप असतो का?

कार्तिकला मराठी वाचता येत नाही, हे फार बरं आहे. संपादकांनी "तुमच्या कामाविषयी मोकळेपणानं लिहा" असं कळवलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला. माझ्या मुलालाही मराठी धड वाचता येत नाही. बोलतो छान, निम्मी तेलुगू आणि निम्मी इंग्रजी मिसळून. पण मराठी मजकूर समोर ठेवला की "मम्मी, तूच वाचून दाखव" म्हणतो. तेव्हा हे दोघं हा लेख वाचण्याचा धोका नाही, आणि मी सरळ लिहू शकते की मला कार्तिकचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेल इतका.

मी अमीरपेटमध्ये प्रोग्रामिंग शिकवते. हैदराबादबाहेरच्या वाचकांना अमीरपेट कसं सांगावं? एका चौकाभोवतालच्या गल्ल्या, त्यांत इमारती, आणि इमारतींवर इतके बोर्ड की रंग कुठला ते कळत नाही. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी काही ना काही शिकवत असतं. इंजिनियर झालेली पण नोकरी न लागलेली पोरं करीमनगरहून, नलगोंड्याहून, आपल्या नांदेड-लातूरकडूनही येतात, हॉस्टेलात एकेका खोलीत दाटीवाटीनं राहतात आणि नोकरी लागेपर्यंत शिकत राहतात. इथे शिकवणाऱ्याची सर किंवा टीचर म्हणून ओळख करून देत नाहीत, "फॅकल्टी" म्हणतात. मी एकटीच असले तरी मी फॅकल्टी.

आणि इथली एक रीत आहे, तिला डेमो म्हणतात. बॅच सुरू होताना पहिले दोन दिवस वर्ग सगळ्यांना फुकट. पोरं या वर्गातून त्या वर्गात हिंडतात, दारात उभी राहून ऐकतात, पटलं तर बसतात, नाही तर चालू वाक्यात उठून जातात. बायका मंडईत वांगं दाबून बघतात तसं हे मास्तर दाबून बघणं आहे. मी कित्येक वर्षं दाबून घेतलेली फॅकल्टी आहे. पण डेमोच्या सकाळी अजूनही माझा चहा कपातच गार होतो.

माझा विषय ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. घाबरू नका, दोन मिनिटांत सांगते. पूर्वी प्रोग्राम लिहायचा म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं हुकूम द्यायचे: हे कर, मग ते कर. काम वाढलं की हुकुमांचा गुंता व्हायचा. मग लोकांनी वेगळा विचार केला. आधी जगात कोणत्या वस्तू आहेत ते ठरवा, प्रत्येक वस्तूजवळ काय असतं आणि तिला काय करता येतं ते लिहा, आणि मग त्या वस्तूंना आपापसांत कामं करू द्या. त्या वस्तूचं वर्णन म्हणजे क्लास. त्या वर्णनाबरहुकूम तयार झालेली खरीखुरी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट.

यासाठी माझं उदाहरण होतं ऑटोरिक्षाचं. ऑटोजवळ काय असतं? नंबर, मीटर, चालक. ऑटोला काय करता येतं? चालणं, थांबणं आणि नक्को म्हणणं. गिऱ्हाइकानं कोटीला जायचं म्हटलं की नक्को, नामपल्लीला म्हटलं की नक्को. हे सगळं कागदावर लिहिलं की झाला क्लास; रस्त्यावर फुरफुरत उभी असलेली प्रत्येक रिक्षा म्हणजे ऑब्जेक्ट. मीटर तुम्हाला दिसतो पण तुम्ही त्याला हात लावू शकत नाही, म्हणून तो प्रायव्हेट. या उदाहरणावर मी वर्षानुवर्षं हशा वसूल केला. बाकी गल्लीभर सगळे कारचं उदाहरण द्यायचे, पुस्तकातलं. हल्ली पोरं फोनला विचारतात, तर फोनही कारच पुढे करतो. माझी रिक्षा मात्र माझी होती.

या जोरावर सकाळी सातची बॅच माझ्याकडे आली आणि राहिली. सातची बॅच म्हणजे काय ते सांगितलंच पाहिजे. ज्या पोरांना खरोखर नोकरी हवी असते ती सातला येतात, अंघोळ करून, वही उघडून. वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल त्यांना मिळतो. दुपारची बॅच बॅकलॉगवाल्यांची, म्हणजे ज्यांचे कॉलेजचे पेपर राहिलेत त्यांची. ती मेसमधला भात खाऊन येतात आणि पंख्याखाली पेंगतात. नल्लकुंट्याच्या घरून अंधारात बस पकडून मी सात वाजता हॉलच्या दारात उभी राहायची, आणि ती भरलेली बाकं बघून मला स्वतःविषयी बरं वाटायचं. दुसऱ्या कशानं तितकं वाटत नसे.

कार्तिक याच हॉलमधला माझा विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा. झोपायचा. त्याला क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक मी शिकवला. नंतर तो कुठेतरी नोकरीला लागला, ती सोडली, आणि एक दिवस आमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये फॅकल्टी होऊन आला. आला तो पाया पडला. मी तोंड भरून आशीर्वाद दिला आणि त्याला दुपारची बॅच मिळाली याचं मनातल्या मनात समाधान मानलं.

वर्षभरात दुपारची बॅच पेंगेनाशी झाली.

मग गेल्या उन्हाळ्यात आमचे मालक प्रसाद गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी') यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रसाद गारू कधी वाईट बोलत नाहीत. वाईट बोलायचं असलं की चहा मागवतात. चहा आला.

"मॅडम, इस बार दोनों का डेमो साथ में रख लेते. नीचे के दो रूम में," ते म्हणाले. "जिधर भीड़ जादा, उनकु ऊपर का हॉल. सात की बॅच."

"और दूसरे को?"

"दोपहर भी अच्छी है मॅडम. अंधेरे में आपकु सुबे-सुबे बस पकडना नक्को." त्यांनी बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. मी बिस्किट खाल्लं नाही.

खालच्या दोन खोल्या म्हणजे मुळात एकच खोली. मध्ये प्लायवूड ठोकून दोन केल्या आहेत. पलीकडे कोणी खोकलं तरी अलीकडे ऐकू येतं. सोमवारी सकाळी माझ्या खोलीत बऱ्यापैकी मुलं जमली. मी रिक्षा काढली. नंबर, मीटर, चालक. मग आवाज चढवून "नक्को!" म्हटलं आणि हशासाठी थांबले. चारदोन जण हसले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, अब ऑटोवाले नक्को कहाँ बोलते? अ‍ॅप पे कॅन्सल मारते."

सगळे हसले ते यावर.

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. माझ्या खोलीतल्या माना प्लायवूडकडे वळल्या. मी फळ्याकडे तोंड करून लिहायला लागले आणि जितकं हळू लिहिता येईल तितकं हळू लिहीत ऐकू लागले.

कार्तिकनं पोरांनाच उभं केलं होतं. एकाला म्हणाला, तू हॉस्टेलचा स्वयंपाकी. दुसऱ्याला, तू वॉचमन. तिसरा वॉर्डन. एक मुलगी पाण्याची टाकी. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी, तीत त्याच्याजवळ काय आहे ते लिहिलेलं. "रूल एकच," तो सांगत होता. "दूसरे की जेब में हाथ नहीं डालना. माँगना. टंकी में पानी कितना, पूछना. झाँकके नहीं देखना." मग खेळ सुरू झाला. स्वयंपाक्यानं टाकीला पाणी मागितलं, टाकी म्हणाली लेदु, नाही, वॉचमनला सांग मोटर लावायला. वॉचमन झोपलेला. अख्खी खोली हसून लोळत होती.

आमच्या विषयात या नियमाला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. वस्तूचं आतलं तिचं तिच्याजवळ. बाहेरच्यानं मागायचं, आत हात घालायचा नाही. हा शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देते, पोरं उतरवून घेतात आणि परीक्षेत स्पेलिंग चुकवतात. कार्तिकनं तो शब्द अजून उच्चारलाही नव्हता आणि त्याच्या खोलीतल्या प्रत्येकाला तो कळला होता. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मार्करचं टोक आत गेलं. राग कशाचा? मला हे सुचलं नाही याचा. ही पोरं हॉस्टेलात राहतात हे मला काय माहीत नव्हतं? मी रोज त्यांच्या हॉस्टेलांवरून चालत येते.

संध्याकाळी घरी कुकर जरा जोरातच आदळला गेला. आमचे मिस्टर विजेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात.

"उगं कशाला जळायलीस त्या पोरावर?" ते म्हणाले.

"मी कशाला जळू? तो खेळ करायलाय. शिकवणं असतंय का ते?"

"पोरं कोणाकडं जास्त होती?"

मी भाजीला फोडणी दिली. ते एवढंच म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे."

पण माझ्याजवळ एक गोष्ट होती आणि तीवर माझा पूर्ण भरवसा होता. दुसऱ्या दिवशी डेमोत इन्हेरिटन्स शिकवतात. इन्हेरिटन्स म्हणजे एका क्लासमधलं सगळं दुसऱ्या क्लासला आपोआप मिळणं. आणि अमीरपेटमध्ये तो शिकवायचा म्हणजे सगळे बाप-लेकाचं उदाहरण देतात: बाप वरचा क्लास, मुलगा खालचा, बापाचा प्लॉट, बापाची स्कूटर, सगळं मुलाला मिळतं. ऐकायला गोड आहे आणि सपशेल चूक आहे. खालचा क्लास हा वरच्या क्लासचाच एक प्रकार असावा लागतो. सीएनजी ऑटो हा ऑटोचा प्रकार आहे, म्हणून तिथे चालतं. मुलगा हा बापाचा प्रकार नसतो. मी पहिल्या दिवसापासून बजावते की बाप-लेक माझ्या वर्गात आणायचे नाहीत, आणि कार्तिकलाही बजावलं होतं.

यात माझं निव्वळ शास्त्र नाही, तेही सांगते. आमचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडचं गाव सोडून हैदराबादला आले, कारण गावात बापाचं काम ते मुलाचं काम, आणि ते काम कोणतं हे गावानंच ठरवलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, नामपल्ली स्टेशनवर हमाल होते. त्यांनी मला जामबागच्या शाळेत घातलं, पुढे कॉलेजात. मी कॉम्प्युटर शिकले तो कुणाच्या हाताखाली नाही, झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून, पाठ करून. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा टेबलामागे तीन माणसं होती. इन्हेरिटन्सचं चित्र काढा म्हणाले. मी पुस्तकातलं बाप-लेकाचं काढलं. मधला म्हणाला, "म्हणजे तुम्ही तुमचे वडील आहात?" मग त्यानंच विचारलं, "काय करतात वडील?" मी सांगितलं, स्टेशनवर हमाल आहेत. "मग तुम्हीही सामान उचलता वाटतं?" तिघेही हसले. त्यांना ते विनोद म्हणूनच वाटलं असणार. घरी येताना बसमध्ये मला माझी चूक कुठे होती ते कळलं, आणि ती मी पुन्हा केली नाही, कुणाला करूही दिली नाही.

मंगळवारी माझ्या खोलीत निम्मीच बाकं भरली. श्रावणी नावाची नलगोंड्याची एक मुलगी दोन्हीकडे आलटून पालटून बसत होती. आज ती पलीकडे गेलेली दिसली. मी शिकवत होते, पण कान प्लायवूडला होते. आणि आलं. कार्तिकचा आवाज स्पष्ट आला: "डॅडी का प्लॉट बेटेकु मिलता, डॅडी की स्कूटर बेटेकु मिलती. डॅडी ऊपर का क्लास, बेटा नीचे का. ये इन्हेरिटन्स. लिखो."

लिखो! पलीकडे वह्यांची पानं फडफडली. मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. पकडला! माझाच विद्यार्थी, माझ्याच शेजारी, मी मनाई केलेलं उदाहरण देत होता. मी माझ्या मुलांना म्हटलं, "एक मिनिट," आणि बाहेर पडून सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. दुसऱ्याच्या डेमोत फॅकल्टीनं पाऊल टाकायचं नसतं, हे गल्लीतल्या चहावाल्यालाही माहीत आहे.

"कार्तिक," मी खणखणीत आवाजात विचारलं, "बेटा बाप होता क्या?"

दाराकडे पाठ करून बसलेली पोरं माझ्याकडे वळली. कार्तिक मात्र दचकला नाही. त्याचा चेहरा असा खुलला की मला काही कळेना.

"आइए मॅडम, आइए," तो म्हणाला. आणि मुलांकडे वळून, "सुने? मॅडम क्या पूछे? बेटा बाप होता क्या? चेप्पंडि, बोलो."

"कादु सर!" सगळे ओरडले. नसतो.

"तो मैंने गलत पढाया ना? फिर तुम लिखे कायकु?"

मागून एक जण म्हणाला, "सर, आप लिखो बोले, तो लिख लिये."

"हौ. ऐसाच लिखके इंटरव्ह्यू में जाते. ऐसाच मार खाते." त्यानं फळ्यावरचं बाप-लेकाचं चित्र पुसलं नाही, त्यावर फक्त फुली मारली. "हर डेमो में मैं ये गलत पढाता हूँ, कोई तो टोकेगा बोलके. आज तक मेरेकु खुद पूछना पडता था. आज मॅडम टोके. ताली बजाओ."

पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्याला पकडायला गेले होते, आणि त्याच्या पाठातली जी जागा दर वेळी रिकामी राहायची तीत जाऊन उभी राहिले होते. मला तिथून निघता येईना आणि थांबवेना.

"अब बताओ," कार्तिक म्हणाला, "प्लॉट मिलना सिर्फ देना-लेना है. वो इन्हेरिटन्स नहीं. तो अपने हॉस्टेल में कौन किसका प्रकार है?"

एकानं वॉर्डन हा स्वयंपाक्याचा प्रकार असं काहीतरी सांगितलं आणि खोली हसली. तो स्वतःही हसला. दुसरा चुकला. मग श्रावणी अर्धवट उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "सर, कुक स्टाफ है. वॉचमन भी स्टाफ है. वॉर्डन भी स्टाफ है. तो... स्टाफ ऊपर?" ती बोलता बोलता थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "पगार, छुट्टी, नाम, वो सब स्टाफ में लिखना! एकीच बार! बाकी सबकु मिल जाता!" शेजारणीचा दंड धरून ती तिला तेच पुन्हा तेलुगूत सांगायला लागली.

बरोबर होतं. अगदी बरोबर. माझ्या वर्गात हे वाक्य मी सांगते आणि पोरं उतरवून घेतात. ते कुणाच्या तोंडून स्वतःहून आलेलं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी माझ्या खोलीत परत आले तर तिथे दोघंच उरली होती, आणि त्यांतला एक चार्जरसाठी थांबला होता. बाकीची प्लायवूडपलीकडे गेलेली. सातची बॅच आणि वरचा हॉल कार्तिकला मिळाला, हे वेगळं सांगायला नको. प्रसाद गारूंनी पुन्हा चहा मागवला. या वेळी मी बिस्किट खाल्लं.

आता कोणी म्हणेल, गुरूला शिष्याकडून हरायला आवडावं. मला आवडलं नाही. मी आजही त्याच्या पद्धतीतल्या खोडी काढते. जी पोरं डेमोतून मध्येच उठून जातात, फुली मारण्याआधी, ती बापाला घेऊनच मुलाखतीला जाणार ना? हे मी कार्तिकला सुनावलंसुद्धा. तो म्हणाला, "हौ मॅडम, वो रिस्क है," आणि आता तो फुली मारेपर्यंत खोलीचं दार लावून घेतो. माझं ऐकलं म्हणून मला बरं वाटावं की नाही? तर त्यानंही मी चिडले. माझ्या हरकतीनं त्याचाच वर्ग सुधारला. दुपारच्या बॅचला मी हॉस्टेलचा खेळ एकदा करून बघितला. टाकी झालेला मुलगा लाजून बसून राहिला. मी रिक्षावर परत आले, फक्त आता ती नक्को म्हणत नाही, कॅन्सल करते.

हेव्याचं म्हणाल तर कार्तिकचा हेवा मला सहन होतो. तो मोठ्यानं सांगता येतो, मिस्टरांना, आता तुम्हालाही. सहन होत नाही तो दुसराच. त्या सकाळी दारात उभी असताना मी श्रावणीकडे बघत होते. जे मला टेबलामागच्या तिघांच्या हसण्यानं कळलं, ते तिला शेजारणीचा दंड धरून, आनंदानं कळलं होतं. तीच चूक, तेच बाप-लेकाचं चित्र. मला तिच्या जागी बसायचं होतं. तिच्या वयाची होऊन, तिच्याच बाकावर.

बॅच सुरू झाल्यावर एकदा ती जिन्यात भेटली. प्रसाद गारूंनी काही कामासाठी मला सकाळी लवकर बोलावलं होतं. ती वर निघालेली, वही छातीशी, केस ओले.

"मॅडम, उस दिन आप टोके ना, मैं भी वोइच लिख ली थी," ती म्हणाली. मग सहज विचारलं, "आपकु कौन सिखाए, मॅडम?"

"किसी ने नहीं," मी म्हटलं. "मैं खुद पढी."

मला वाटलं, आता हिला कौतुक वाटेल. इतकी वर्षं मी हे वाक्य कौतुकासाठीच सांगत आले आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. तेलुगूत ज्याची मनापासून कीव येते त्याला पापम् म्हणतात.

"अय्यो, पापम्," ती म्हणाली, आणि सात वाजत आले होते म्हणून पायऱ्या चढून वर गेली.